जन्मभराचं लायसन

रेडिओ आमच्या घरी आला तो यजमानांच्या मांडीवर बसून. खामगावहून नांदुरा, नांदुऱ्याहून जळगाव जामोद आणि तिथून आमचं गाव, एवढ्या एस.टी. बदलल्या, पण त्यांनी तो कुणाच्या हाती दिला नाही. टॉवेलात गुंडाळलेला ट्रान्झिस्टर पाटावर ठेवला आणि तो लावायच्याही आधी खिशातून एक गुलाबी कार्ड काढून माझ्यापुढे धरलं.

"हे पाहा. जन्मभराचं लायसन. आता दरसाल पोस्टात जायचं काम नाई."

तेव्हा रेडिओ ठेवायचा तर सरकारचं लायसन लागे. दरवर्षी पोस्टात पैसे भरायचे, मग ते लायसन पुढे वर्षभर चाले. ज्यांच्याकडे रेडिओ होता ते या कामाला कंटाळलेले असत. पोस्ट जळगावात, तिथे जायचं म्हणजे सगळा दिवस मोडला. हे खामगावच्या रेडिओ दुकानदाराला चांगलं ठाऊक होतं. सेटच्या किमतीवर थोडे जास्त घेऊन तो हे कार्ड देत होता. कार्डावर मोठ्या अक्षरात 'आजीवन लायसन सेवा' असं छापलेलं, खाली दुकानाचा शिक्का.

मी विचारलं, "आजीवन म्हणजे कुणाच्या जीवनाचं? तुमच्या की रेडिओच्या?"

यजमान हसले. "तुमी मेहकरकडचे लोक लय संशयी."

मी मेहकरकडची होते हे खरं. पण संशयाला दुसरं कारण होतं. मी गावच्या शाळेत शिक्षिका होते आणि माझी नेमणूक तात्पुरती होती. ती पुढे चालू राहणार की नाही याचा कागद दर वेळी उशिरा यायचा. सरकार मला वर्षभराची नोकरी धड देत नाही आणि रेडिओला जन्मभराचं लायसन कसं देईल, हे माझ्या डोक्यात काही बसेना. पण पहिल्या वर्षाचं पोस्टाचं खरं लायसन कार्डासोबत होतं. दुकानदाराने स्वतः काढून दिलेलं. त्यामुळे मी तो विषय सोडला.

यजमान सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. डॉक्टर आठवड्यातून एखादा दिवस येत, बाकी दिवस गावासाठी हेच डॉक्टर. कोणती गोळी घ्यावी इथपासून मुलीला कोणतं स्थळ बघावं इथपर्यंत लोक त्यांना विचारत. संध्याकाळी आमच्या ओट्यावर बाजारभाव ऐकायला माणसं जमत. कोणी विचारलं की यजमान कार्ड दाखवत. मग त्या लोकांनाही रेडिओ हवासा वाटू लागला. कापूस विकला गेला त्या मोसमात शेजारच्या काकांनी घेतला, आणखी काही घरांत आला. सगळ्यांनी खामगावच्या त्याच दुकानातून घेतला, सगळ्यांना तेच गुलाबी कार्ड मिळालं.

त्यांच्यात एक मावशी होती. नात्याची नव्हे, सगळं गाव तिला मावशी म्हणे. नवरा लवकर गेलेला. मशीनवर पोलकी आणि झबली शिवून ती एकटी राहत होती. तिने रेडिओ घेतला तेव्हा मला म्हणाली, "बाई, दिवसभर मशीनचाच आवाज आयकून कान किटले. आता कोनी तरी बोलत राहीन घरात."

एक गोष्ट मला त्या दिवसांत खटकत होती. आमच्या रेडिओचे सेल कधी संपत नसत. म्हणजे संपत, पण लगेच नवे येत. यजमान औषधं आणायला खामगावला गेले की सेल घेऊन येत. घरखर्चाचा हिशेब माझ्याकडे होता आणि त्यात सेल कुठेच नव्हते. एकदा विचारलं तर म्हणाले, "ओळखीचा माणूस हाय." ते उत्तर मला पचलं नाही.

दुसऱ्या वर्षी कापूसवेचणी चालू असताना पोस्टाचा इन्स्पेक्टर गावात आला. मी शाळेत होते. मावशी वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहिली. आत येईना. मीच बाहेर गेले.

"बाई, माहा रेडिओ नेला."

"कोणी?"

"पोस्टाचा साहेब. मी कार्ड दाखवलं. त्यानं पाह्यलं न म्हने, हे लायसन नोहे, हा दुकानाचा कागद हाय." मग माझ्याकडे नीट बघत म्हणाली, "कंपाउंडर साहेबांनं तं सांगतलं होतं."

मी मुलांना पाढे म्हणायला लावून तिच्यासोबत निघाले. इन्स्पेक्टर चावडीपाशी सायकलला टेकून पाणी पीत होते. मावशीचा सेट कॅरिअरला बांधलेला. माणूस सभ्य होता. म्हणाले, "बाई, असलं आजीवन लायसन मी माझ्या नोकरीत पाहिलं नाही. पोस्ट दर वर्षाचंच देतं. यांचं मागच्या सालीच संपलंय. दंड भरा, नवं लायसन काढा, जळगावच्या पोस्टातून सेट घेऊन जा."

काकांचा सेट त्यांनी नेला नाही, कारण काका तो शेतावर घेऊन गेले होते. आमच्या घराला कुलूप होतं. तिथे ते शेजारी नोटीस ठेवून गेले. पण गावात संध्याकाळपर्यंत गोष्ट अशी पसरली की एकट्या बाईचा रेडिओ गेला आणि कंपाउंडरचा शाबूत राहिला.

त्या दिवशी आमच्या ओट्यावर कोणी आलं नाही. यजमानांनी बाजारभाव लावले, थोडा वेळ ऐकले आणि बंद केले. पुढच्या दिवसांत विहिरीवर बायका मला बघून आवाज कमी करू लागल्या. एकीने मात्र तोंडावर विचारलं, "दुकानवाला किती देते वो बाई, एका गिऱ्हाइकाचे?"

मी घरी येऊन तेच यजमानांना विचारलं.

"मी कोनाचा एक पैसा घेतला नाई," ते म्हणाले. ते खोटं बोलतात असं मला वाटलं नाही. खरं बोलतात असंही वाटलं नाही.

खामगावला जायचं मी ठरवलं. यजमान नको म्हणत होते, उगाच तमाशा होईल म्हणत होते. मी रजा टाकली. मावशी तयार झाली, काकाही तयार झाले. मग यजमानांना यावंच लागलं. बसमध्ये ते पुढे बसले, आम्ही मागे.

बाजाराचा दिवस होता. जिनिंग कारखान्याच्या बाजूने कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, हवेत सरकीचा आणि तेलाचा वास. दुकानात पाऊल टाकलं तर दुकानदार उठून उभे राहिले. गोड बोलणारे, पांढरेस्वच्छ कपडे, हातात छोटं फडकं, ते सारखं सेटवरून फिरत होतं. आमच्यासाठी चहा सांगितला. मी म्हटलं, "चहा नको. हे कार्ड वाचा."

"वाचाचं काय बाई, मीच छापलं," ते म्हणाले. "आजीवन लायसन सेवा."

"मग यांचा सेट पोस्टाने का नेला?"

"लायसन सरकारचं असते. सरकार एका सालाचं देते. आजीवन हाय ते आमची सेवा. तुमी पैसे आनून द्या, आमी पोस्टात जाऊन भरू. जन्मभर भरू. त्या मेहनतीचा एक रुपया बी घेनार नाई."

काका उसळले. "जळगावचं पोस्ट सोडून मी पैसे भराले खामगावले येऊ काय? आन् हे तवा काऊन नाई सांगतलं? तवा तं म्हने पोस्टात जायचं कामच नाई!"

"तुमचं काम नाई, आमचं हाय, असंच म्हटलं होतं भाऊ."

"आन् मी आली नाई तं तुमी कळवलं काऊन नाई?" मावशीने विचारलं. "मले वाचता येत नाई. मी कोनाच्या भरोशावर घेतला?"

या प्रश्नावर दुकानदारांचं फडकं थांबलं. त्यांनी यजमानांकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, "कंपाउंडर साहेबांच्या भरोशावर. त्याहीले इचारा न. दर गिऱ्हाइकामागं सेलचा डबा घेऊन जाते ते. सेवा कशी हाय हे त्याहीनंच समजावून सांगाचं होतं."

काकांनी मान दुसरीकडे वळवली. मावशी यजमानांकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता, ती नुसती पारखून पाहत होती, एखादं कापड हातात घेऊन बघावं तशी. माझे कान तापले. पैसा घेतला नाही हे खरं होतं तर. पैसा घेतला नव्हता.

"त्यानं दिले, मी घेतले," यजमान म्हणाले. "मले वाटलं, जुना गिऱ्हाईक म्हनून देते." आणि ते दुकानातून बाहेर निघून गेले.

काका म्हणाले, "चला, आता काय राह्यलं अठी?" पण मी दुकानाच्या पायरीवरच बसले. मावशी माझ्या शेजारी बसली. दुकानदार म्हणाले, "बाई, बाजाराचा दिवस हाय." मी म्हटलं, "म्हणूनच."

थोड्या वेळाने एक जोडपं आलं. नव्या लग्नाचं दिसत होतं. दुकानदारांनी सेट लावून दाखवला, मग गुलाबी कार्ड काढलं. मी उठले आणि त्या मुलीला विचारलं, "दर वर्षी लायसनचे पैसे कोण भरणार, हे यांना विचारलं का?" तिने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने दुकानदाराकडे. ती दोघं उद्या येतो म्हणून गेली. पुढचं गिऱ्हाईक मावशीनेच परतवलं. तिने नुसतं कार्ड वर धरलं आणि म्हणाली, "माह्यापाशी बी हाय. रेडिओ पोस्टात हाय."

दुकानदार आता गोड बोलत नव्हते. पोलिसांना बोलावतो म्हणाले. मला मनातून भीती वाटत होती. तात्पुरत्या नोकरीतल्या शिक्षिकेने बाजारात भांडण केलं असं कोणी वर कळवलं असतं तर माझा पुढचा कागद आलाच नसता. तरी मी बसून राहिले. खरं सांगायचं तर घरी जायची इच्छाच नव्हती.

दुपार कलली तेव्हा यजमान परत आले. त्याच वेळी शेगावकडचे एक गृहस्थ सेट बघत होते. यजमान थेट त्यांच्यापाशी गेले. "मी कंपाउंडर हाय. मी याहीचे रेडिओ गावात खपवले आन् त्याच्यासाठी सेल घेतले. सेट चांगला हाय, घ्या. पन लायसन दरसालचं लागते. हे कार्ड घेऊन पोस्टात गेले तं कोनी इचारत नाई." आवाज चढलेला नव्हता, पण बाहेरची चार माणसं थांबून ऐकू लागली.

त्या गृहस्थांनी सेट खाली ठेवला. दुकानदारांनी बाहेरच्या माणसांकडे पाहिलं आणि यजमानांना म्हणाले, "बस करा. या बाईचा दंड आन् सालाचे पैसे मी देतो. बाकीच्याचं नाई. न तुमचं तं नाईच."

मावशीने पैसे पदरात बांधले आणि दुकानदाराला म्हणाली, "कार्ड वापस घ्या तुमचं." त्यांनी घेतलं नाही. तिने ते काउंटरवरच ठेवलं.

परतीच्या बसमध्ये यजमान माझ्या शेजारी बसले. मला तेव्हा एकच प्रश्न पडला होता. ते परत आले ते लाजेने, की मावशी गावात जाऊन काय सांगेल या भीतीने? मी तो विचारला नाही. काकांनी मात्र जळगाव यायच्या आत त्यांना तंबाखू दिला.

पुढच्या काही आठवड्यांत यजमान घरोघरी गेले. ज्यांनी त्या दुकानातून रेडिओ घेतला होता त्यांना सरळ सांगितलं की कार्ड कामाचं नाही आणि आपण स्वतः दुकानदाराकडून सेल घेतले होते. जळगावला जाताना लोकांचे लायसनचे पैसे घेऊन जाईन म्हणाले. काहींनी दिले. काहींनी "आमी आमचं पाहू" म्हणून दार लावलं. मावशीचा रेडिओ परत आला, त्याच्या एका कोपऱ्याचा टवका उडाला होता. तिने त्यावर उरलेल्या चिटाच्या कापडाचं कव्हर शिवलं.

घरात नवीन काहीही आलं की मी विचारायची, "कुठून?" साधी कंदिलाची काच असली तरी. पुढे पुढे मी विचारायच्या आधीच यजमान सांगू लागले, दुकानासकट. खूप वर्षांनी एकदा मी त्यांना विचारलं, "सेल घेताना तुम्हाला खरंच काही वाटलं नव्हतं?"

ते म्हणाले, "पहिल्या डब्याच्या वेळी वाटलं होतं."

"मग?"

"मग घरी आलो, सेल टाकले न गाणं लागलं."

मला हसू आलं, आणि रागही आला.

खामगावच्या त्या भांडणाच्या पुढल्याच वर्षी मी त्या दुकानासमोरून गेले होते. आत जायचं नव्हतं, नुसतं बाहेरून पाहिलं. काउंटरवर कार्डांचा गठ्ठा होता, आता पिवळ्या रंगाचा. वर छापलं होतं, 'कायमस्वरूपी लायसन सेवा'. एक म्हातारा शेतकरी ते कार्ड उजेडाकडे धरून पाहत होता. मी पायरीवर चढले आणि त्याला काय सांगायचं ते सांगितलं. दुकानदारांनी मला ओळखलं आणि ते फडक्याने सेट पुसू लागले.

आमच्या बदल्या होत गेल्या आणि आम्ही शेवटी माझ्या माहेरच्या बाजूला, मेहकर तालुक्यात आलो. रेडिओ बदलले. दर वर्षी पोस्टात मीच जात असे. मग एक दिवस यजमान बाहेरून आले आणि म्हणाले, "आता रेडिओले लायसनच लागत नाई. सरकारनं बंद केलं." दुसऱ्या दिवशी मी पोस्टात गेले. पोस्टमास्तर तरुण होते. म्हणाले, "हो बाई, खरं आहे. आता काही भरायचं नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

मी म्हटलं, "तसा हुकूम आला असेल तर दाखवा."

ते आधी हसले. मग मी खिडकीवरून हलत नाही हे पाहून उठले आणि कपाटातली फाइल शोधू लागले.