मडक्यातली गांडुळं

भालकीहून उदगीरला जाणाऱ्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला होता. मांडीवर मडकं होतं आणि मडक्याच्या तोंडावर ओलं फडकं. खड्डा आला की तो मडकं दोन्ही हातांनी उचलून धरायचा. फडकं सरकलं तेव्हा आत ओल्या मातीत गांडुळं दिसली आणि मला राहवलं नाही. तेव्हा मी हैदराबादला शिकत होते, गांडुळातल्या एका एन्झाइमच्या रचनेवर काम करत होते. पिशवीतली आकृती काढून मी त्याला दाखवली.

"ही खाच बघा. रक्ताची गुठळी ज्या धाग्यांनी बांधलेली असते, त्यातला धागा या खाचेत बसला की कापला जातो."

फडकं मडक्यात खोचून त्यानं खाचेवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

"म्हंजी खरंच औषध हाय व्हय ह्येंच्यात," तो म्हणाला. "बायकूच्या डोक्यात रक्ताची गाठ झालती. कुणीतरी सांगितलं म्हणून तिच्या माहेरच्या मळ्यातनं ही काढली. पण द्यायची कशी, कुणालाच ठावं न्हाई. तवर ती गेली."

नुसती गांडुळं देऊन काही झालं नसतं, असं मी म्हणाले. त्यानं मान हलवली.

"आता कुठं नेताय?"

"तिथंच, तिच्या मळ्यात सोडाय जायलोय. औषधाला काढल्यालं आमच्यात माणूस गेल्यावर घरात ठिवत न्हाईत."

बाटलीतलं पाणी त्यानं फडक्यावर शिंपडलं.

"ह्येंच्यापाशी व्हतं, अक्का, अन् तिला पायजे व्हतं. मधी मीच कमी पडलो."

फाट्यावर तो उतरला. आकृती माझ्या मांडीवर उघडीच होती. खाचेत त्याच्या बोटाची ओली माती बसली होती.