काकांचा फ्लेक्स आणि करकोचे

भोकरजवळच्या आमच्या गावात तलावाचं पाणी हटलं की उघड्या पडलेल्या गाळात हरभरा पेरतात. त्याला घाटे धरायला आणि कांड्या करकोचे उतरायला बहुधा एकच मुहूर्त असतो. राखी अंग, काळा गळा, डोळ्यांमागून सोडलेले पांढरे तुरे. सकाळी शेतात चरायचं, दुपारी उथळ पाण्यात एका पायावर उभं राहायचं, उन्हं कलली की पुन्हा शेतात. संस्कृत कवींनी या कुळातल्या पक्ष्यांसाठी डोळे ओले केले. माझ्या काकूच्या तोंडून मात्र त्यांना पाहून निराळंच वाङ्मय बाहेर पडतं.

त्या वर्षी काका सोसायटीचे संचालक झाले. चौकात फ्लेक्स लागला: गॉगल, जोडलेले हात आणि खाली शुभेच्छुकांचे फोटो, त्यात मला न विचारता माझाही. आमच्याकडे उतरवलेला फ्लेक्स वाया जात नाही. कडब्यावर नाहीतर गोठ्यावर जातो. काकूनं तो दोन बल्ल्यांना बांधून हरभऱ्यात उभा केला.

"अगं, मला बुजगावणं करून राहिली का तू?"

"अवो, अर्धे घाटे गेले. राहिलेले तरी घरात येऊ द्या. तुम्हाला बघून भेले तर भेले."

सुरुवातीला करकोचे खरंच बिचकले. काकांनी ते पारावर दोनदा सांगितलं. मग थवा हळूहळू जवळ आला आणि जोडलेल्या हातांखाली निवांत घाटे फोडू लागला. एक करकोचा तर माझ्या फोटोसमोर मान वाकडी करून बराच वेळ उभा होता.

"लई लवकर ओळखलं की तुम्हाला," काकू म्हणाली. "गावाला वर्षं लागली."

तेवढ्यात वारा सुटला, एका बाजूच्या दोऱ्या तुटल्या आणि फ्लेक्स दुसऱ्या बल्लीभोवती दारासारखा फिरला. त्याची मागची कोरी पांढरी बाजू शेतावर फडफडू लागली. कर्र-कर्र करत सगळा थवा उठला आणि पलीकडच्या काठावर गेला. ते पांढऱ्याला भ्याले की फडफडीला, कोण जाणे. काकूनं दोन्ही ठेवलं: कोरी बाजू शेताकडे करून फ्लेक्स बांधला, खालच्या दोऱ्या मोकळ्या सोडल्या. उरलेला हरभरा घरात आला.

बांधताना काकांचा चेहरा पडला होता. पण फ्लेक्सचं तोंड आता रस्त्याकडे झालं होतं, आणि नेमकी भोकरची एसटी गेली, खिडक्यांतून माणसं वाकून बघत. काकांनी एसटीकडे पाहिलं, फ्लेक्सकडे पाहिलं.

"ऱ्हाऊ दे असाच," ते म्हणाले. "पाखरांना कुठं मतदान हाय?"