सुलू आईला पाय दाखवायला सांगून गेली

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. सोसायटीत कुणी भुताचं काही सांगायला लागलं की मी उठून जायचे. तरी हे घडलं... आणि खरं सांगू? भीतीपेक्षा मला रागच जास्त आला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही नेरुळला राहायचो, आई माझ्याकडेच असायची. धाकटी बहीण सुलू लग्न होऊन नागपूरला. आम्ही लहान असताना मोरा बंदरात लाँचमधून उतरताना सुलूचा तोल गेला; आईने तिला वाचवायला धक्क्यावर ढकललं, पण आईचा स्वतःचा पाय लाँच आणि धक्क्याच्या मध्ये चिरडला. हाड जुळलं, आतल्या शिरा मात्र कायमच्या खराब झाल्या. रोज संध्याकाळी पाय सुजायचा. तो उशीवर ठेवायला मी — आणि आईच्या तोंडी नाव सुलूचं!

एका सकाळी आईला अचानक धाप लागली. जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं. दमा असावा म्हणून औषधं सुरू झाली. दुपारी मी तिच्या उशाशी स्टुलावर बसले होते — चांगली जागी. आईने ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.

"सुलू आयली व्हती. बोलली, दाक्तरला पाय दाखव."

"आई, सुलू नागपूरला आहे. इथे मी आहे, मी!"

"आताच गेली ना. पायाला हात लावून गेली."

इतकी चीड आली... एवढं करून हिला दिसली कोण, तर सुलू! तेवढ्यात पलीकडच्या कॉटवरची बाई म्हणाली, "हिरव्या साडीतल्या ना? पायाशी उभ्या होत्या. तुमच्या बहीण का?"

मी ताडकन उठले. धावत जाऊन डॉक्टरांना आणलं, आईचा पाय दाखवला. पोटरी टम्म फुगलेली, गरम. त्यांनी लगेच मोठ्या हॉस्पिटलमध्ये हलवलं. जुन्या दुखापतीच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती, आणि तिचा तुकडा सुटून फुफ्फुसात अडकला होता. रक्त पातळ करणारी इंजेक्शनं वेळेवर मिळाली. आई वाचली.

एसटीडी बूथवरून सुलूला फोन लावला.

"ताई, मी तर दुपारी झोपले होते गं. आईला काय झालं?"

"साडी कुठली नेसली होतीस?"

"हिरवी. का?"

मी फोन ठेवला.

पुढे कितीतरी वर्षं आई आल्यागेल्याला सांगायची, "माजे सुलूनं मना वाचवला." मी चहा टाकायच्या निमित्ताने आत जायचे.

हे कसं झालं, ते आजवर कुणालाच सांगता आलेलं नाही. पण जे काही होतं, त्याला निरोपच द्यायचा होता ना? मी तिथे हातभर अंतरावर बसले होते... मला का नाही सांगितलं?