इलहोमचा उष्टा नान

ओयनिसाआपांच्या घरी पाहुण्याला पहिल्याच दिवशी बजावलं जातं की नान पालथा ठेवायचा नाही, सुरीने कापायचा नाही, टाकायचा तर नाहीच. शिळा झाला तर चहात बुडवून खायचा. आमच्या मर्गिलान गावी रेशीम विणणं शिकायला आलेली जपानी शिओरी त्यांच्याकडे उतरली, तेव्हा हे सगळं मीच तिला इंग्रजीत सांगितलं. मी शेजारीण, कॉलेजात इंग्रजी शिकवते. त्यामुळे गल्लीतल्या दुभाष्याचं काम माझ्याकडेच.

आपा लग्न झाल्यापासून मागावर बसतात. नवरा गेल्यावर त्या मागावरच मुलाला, इलहोमला वाढवलं. हसताना पुढच्या दातांतली फट दिसू नये म्हणून रुमालाचं टोक तोंडावर धरतात. इलहोम परदेशी, कझानला बांधकामावर निघाला, तेव्हा त्यांनी उंबऱ्यात त्याला ताज्या नानाचा एक घास घ्यायला लावला आणि उरलेला नान खुंटीला टांगला. जाणाऱ्याचं उष्टं घरात राहिलं की ते संपवायला तो परत येतो. हे मात्र मी शिओरीला सांगितलं नाही. अशी खुंटी आमच्या घराघरांत असते, सांगायचं सुचलंच नाही.

आज सकाळी शिओरी आधी उठली. आपांना झोपू द्यावं म्हणून स्वतःच चहा केला, भिंतीवर वाळलेला नान दिसला, तो शिकवल्याप्रमाणे बुडवून खाल्ला. आपांनी मला बोलावलं तेव्हा खुंटी रिकामी होती. मुलीला आमची भाषा येत नाही, तरी आपा कुजबुजत म्हणाल्या, "तिला काही कळू देऊ नकोस हं. पोट भरलं का एवढं विचार." शिओरी अभिमानाने म्हणाली की चिवट होता, पण एक तुकडा फुकट जाऊ दिला नाही. आपांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

मग त्यांनी तंदूर पेटवला. दुपारी गेले तर खुंटीवर नवा नान, एक घास दातांनी तोडलेला. आपांनी माझी नजर टाळली.

आज रविवार; दर रविवारी इलहोमचा आईला, त्याच्या ओयीला, व्हिडिओ फोन येतो. त्याची पहिली चौकशी ठरलेली.

"ओयी, माझा नान दाखव. आहे ना, की उंदरांच्या लग्नात संपला?"

आपांनी फोन भिंतीकडे वळवला. तो बराच वेळ पाहत राहिला.

"हा घास माझा नाही. ही तुझ्या दातांची फट आहे. तू कुठे निघालीस, ओयी?"

समोर शिओरी पुलावासाठी गाजरं चिरत बसली होती. तिने फोनच्या पडद्याकडे पाहून हात हलवला. आपा म्हणाल्या, "मीच खाल्ला रे तुझा. भूक लागली होती."

"घरात दुसरं काहीच नव्हतं?" त्याने विचारलं. "मला सांगायचंस तरी."

पाहुणीला वाचवायला त्या खोटं बोलल्या होत्या, ते पोराला जाऊन लागलं. तेव्हा मान खाली घालून त्यांनी खरं सांगितलं. इलहोम हसला. मला म्हणाला, "दिलोरोमखाला, तिला कळू देऊ नका, नाहीतर बिचारी आपल्याकडे नानाला हात लावायची नाही." फोन ठेवल्यावर शिओरीने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, त्याला घरच्या जेवणाची आठवण येते.

तेव्हापासून मला चैन नाही. उद्या माझी लेक नाफिसा शिकायला इस्तंबूलला निघते आहे. उंबऱ्यात तीही घास घेईल, मी नान टांगेन, आणि निरोपाला आलेली शिओरी सगळं बघेल, आपण काय खाल्लं ते ओळखेल. तिला बोलवूच नये असंही मनात आलं. संध्याकाळी कुंपणाशी आपांना तसं विचारलं.

"येऊ दे तिला," आपा म्हणाल्या. "रडली तर मी आहे."

खिळा मी आत्ताच ठोकला. जरा उंचावरच ठोकला, आणि त्याचीही लाज वाटते आहे.