बोडीच्या पाळीवर बोलून लिहिलेली कादंबरी

नोव्हेंबरच्या तीस दिवसांत पन्नास हजार शब्दांची कादंबरी पूर्ण करायची, असं ते आव्हान होतं. शिक्षकांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं आणि मी लगेच नाव दिलं. त्याआधी शिवणकाम, हार्मोनियम आणि एम.ए. अशा तीन गोष्टी मी अर्ध्यावर सोडल्या होत्या. नवरा चारचौघांत हसून म्हणायचा, "आमची बाई सुरू बढिया करते." या खेपेला काही झालं तरी शेवट गाठायचाच, असं मी मनाशी पक्कं केलं.

एटापल्लीच्या पुढे, जंगलातल्या आमच्या गावात रोज सतराशे शब्द म्हणजे गंमत नव्हती. फोनवर टाइप करताना दोनशे शब्दांतच अंगठा दुखायचा. मग मी बोलून लिहायला लागले. आपण बोलायचं, फोन अक्षरं उमटवतो. पण त्याला रेंज लागते, आणि आमच्याकडे रेंज मिळते ती फक्त बोडीच्या पाळीवर, म्हणजे गावतळ्याच्या मातीच्या बांधावर. सगळं गाव फोन करायला तिथंच येतं. शाळा सुटली की मी मोहाच्या झाडाखाली उभी राहून तासभर बोलायची. जो तो आपल्या फोनवर ओरडतोय, माझ्याकडे कोण लक्ष देतंय, असं मला वाटायचं.

चूक अशी झाली की माझी नायिका 'मी' म्हणून बोलत होती. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर नवऱ्याचं घर सोडून निघालेली बाई. तिचा नवरा वाईट नव्हता, नुसता गप्प होता. तो मी कुठून आणला, हे मला चांगलं माहीत होतं.

तिसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी मी पाळीवर बोलले, "आता माझ्यानं होत नाही. सोमवारी सकाळच्या एसटीनं मी निघते. तू कुणाला सांगू नकोस." खाली पाण्याशी शेजारीण कपडे धूत होती. तिनं मान वर केली आणि पिळायचं लुगडं हातात तसंच धरून माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, वाक्य जमलं.

तिनं ते जाऊन सासूबाईंना सांगितलं, हे मला नंतर कळलं. त्या संध्याकाळपासून घर बदललं. सासूबाई वाढताना माझ्याकडे बघेनात. धानाची कापणी ऐन भरात असताना नवरा शेतावर न जाता अंगणात विळ्याला धार लावत बसला. हे माझ्या लिहिण्यावर रागावलेत, असं मी धरून चालले आणि माझंही डोकं फिरलं. विचारते कशाला! मी आधीच चार हजार शब्दांनी मागे होते आणि ते सोमवारपर्यंत भरून काढायचे होते. माझं घर मोडायला आलं होतं आणि मी शब्द मोजत होते.

रविवारी सासूबाईंना राहवलं नाही. "बाई, आमचं काई चुकलं का?"

मी फोनमधून डोकंही वर काढलं नाही. "आई, सोमवारपर्यंत मला काहीच विचारू नका."

त्या उठून गोठ्यात गेल्या.

सोमवारी सकाळी बाहेर आले तर नवरा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून मोटरसायकलपाशी उभा होता. माझी लग्नातली बॅग त्यानं कपाटावरून काढून, पुसून ओसरीवर ठेवली होती.

"गाडीपर्यंत सोडून देतो," तो म्हणाला. मग खाली बघत, "पोरीले संगं नेशीन, का इथीच ठेवशीन?"

मला आधी काही कळेना. मग पाळीवर बोललेलं ते एसटीचं वाक्य आठवलं. आमची आठ वर्षांची मुलगी दारात बसून चहात टोस्ट बुडवत होती. ती बाई मी नाही, ती कादंबरीतली आहे, असं काहीबाही मी घाईघाईनं सांगत सुटले आणि फोन त्याच्या हातात दिला. तो ओसरीवर बसून ओठ हलवत वाचू लागला. शाळेची वेळ झाली तरी वाचतच होता. मी खांबाला धरून उभी होते. सगळंच खोटं आहे असं मला म्हणता येत नव्हतं, आणि त्यानं नेमकं तेच विचारू नये म्हणून जीव टांगणीला लागला होता.

त्यानं विचारलं ते निराळंच. "त्या बाईचा नवरा तिले थांब काऊन नाई म्हणत?"

"तुम्ही म्हणालात का?"

तो बराच वेळ बॅगेची चेन उघडत, लावत राहिला. "मी म्हणलो असतो तं तू थांबली असती," तो म्हणाला. "मन नसून थांबली असती. थे मले नोको होतं."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. सासूबाईंसमोरच मी त्याला चांगलं सुनावलं. कादंबरीचे उरलेले शब्द राहिले ते राहिलेच. बारा वर्षांत एवढं बोलायला त्याला माझी बॅग काढून ठेवावी लागली, आणि मला त्याच्याशी जे बोलायचं होतं ते मी महिनाभर गावाला ऐकवत बसले होते.