वहिनींनी लावलेली पोथी

माझ्या थोरल्या वहिनी, पार्वतीबाई, यांचं नाव आधी घेतो. दुखण्याचं त्यानंतर सांगतो. त्या नसत्या तर मी कदाचित बरा झालो असतो, पण लिहिणारा उरलो नसतो.

बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या छातीची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि उजवीकडच्या एका पांढुरक्या डागावर पेन्सिल टेकवली. "पल्मनरी ट्युबरक्युलोसिस," ते म्हणाले. म्हणजे फुप्फुसाचा क्षय. माझी बायको सुशीला शेजारी बसली होती. तिनं मांडीवरच्या मुलीचं तोंड माझ्याकडून दुसरीकडे वळवलं.

मी हळदीच्या बाजारात निरीक्षक होतो. हंगामात तिथं सगळेच खोकतात, हमालांपासून अडत्यांपर्यंत. हळदीचा खकाणा नाकातोंडात जातो, रुमाल पिवळे होतात. माझा खोकलाही हळदीचाच, असं मी धरून चाललो. अडते म्हणाले गूळ खा, मी गूळ खाल्ला. संध्याकाळी अंगात कसर यायची, ती दमणुकीची वाटली. हंगाम संपला, बाकीच्यांचे खोकले थांबले, माझा थांबला नाही. तेव्हा कुठं मी दवाखान्याची पायरी चढलो. हे वाचणाऱ्याला माझं सांगणं आहे की, खोकल्याला आपल्या धंद्याचं नाव देऊन मोकळं होऊ नका. स्प्यूटम, म्हणजे थुंकी, वेळेत तपासून घ्या. त्या तपासणीत काही दुखत नाही.

डॉक्टरांनी दिनक्रम विचारला. दिवसभर सौदे, संध्याकाळी घर, आणि सगळे झोपल्यावर गोष्टी लिहिणं. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. चार-दोन गोष्टी मासिकांत छापून आल्या होत्या.

"नोकरी सोडता येत नाही, मुलं सोडता येत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "मग जागरण सोडा. आजपासून."

रात्र सोडली तर माझ्याकडे लिहायला वेळच नव्हता. लिहिणं संपलं, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

काही आठवडे वॉर्डात गेले. स्ट्रेप्टोमायसिन नावाचं इंजेक्शन रोज घ्यावं लागे. त्यानं जंतू मरतात, पण काहींचा तोल जातो, कानात आवाज येतो. तसं झालं तर लपवू नका. मी सांगितलं, तेव्हा डॉक्टरांनी मात्रा बदलली.

घरी दोन खोल्या आणि दोन लहान मुलं. दादा, म्हणजे माझे थोरले भाऊ, लष्करात. वहिनी एकट्याच एसटीनं आल्या आणि सुशीलेला म्हणाल्या, "पोरं ल्हान हायती. भावजींना मी न्हेते." साताऱ्याजवळच्या आमच्या गावी त्यांनी मला सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, खाट घालून दिली.

गावात आजाऱ्याला एकटं ठेवत नाहीत. सकाळपासून माणसं भेटायला यायची, आणि आलेला प्रत्येक जण क्षयानं गेलेल्या कुणाची तरी आठवण काढायचा. एक मावशी तर आपल्या दिराचा शेवटचा दिवस फार बारकाईनं सांगत. सुशीलेनं माझे कागद पिशवीच्या तळाशी घातले होते. मी ते बाहेर काढले नव्हते.

वहिनींनी काढले. दादा सुट्टीवर आले की ज्यावर पोथी वाचायचे, तो चौरंग त्यांनी माझ्यापुढं ठेवला.

"डॉक्टरांनी नको म्हटलंय," मी म्हणालो.

"रातचं नगं म्हनला न्हवं? सकाळचं कुटं नगं म्हनला? तुमचं दादा पोथीला बसलं की कुनी हाक मारतंय का? तसं बसायचं. एक अध्याय झाला की बांधून ठिवायचं. फुडच्याला हात लावायचा न्हाई."

तरी पुढच्या तपासणीला त्या स्वतः सांगलीला आल्या आणि डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर हसले. "रोज एक पान, तेही ताप नसेल तर," म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून वहिनी उंबऱ्यावर धान्य निवडत बसू लागल्या. आलेल्याला सांगायच्या, "भावजी पोथीला बसल्यात." आमच्या भागात त्यापुढं कुणी पाऊल टाकत नाही. शेजारच्या तात्यांनी एवढंच विचारलं, "कंची पोथी लावलीया?"

"अजून लिवायची हाय, तात्या," वहिनी म्हणाल्या. "झाली की ऐकाय बोलवते."

तात्यांना त्यात वावगं वाटलं नाही. त्यांनी उंबऱ्याला हात लावला, तो कपाळी नेला आणि निघून गेले. आत मला हसू आवरेना. हसल्यावर खोकला आला, पण किती तरी दिवसांनी हसलो होतो.

पान संपलं की वहिनी यायच्या, कागद फडक्यात बांधून फळीवर ठेवायच्या. वाक्य अर्धं राहिलं असेल, तरी. पहिल्यांदा चिडलो. मग लक्षात आलं, की अर्धं वाक्य दिवसभर माझी वाट बघतं, आणि सकाळी ताप बघण्याआधी मला ते आठवतं.

दीड वर्ष औषधं चालली. त्यातले शेवटचे महिने मी सांगलीला परतून कामावर जात होतो. मधेच बरं वाटतं, तेव्हा ती सोडू नका. शेवटची फिल्म झाल्यावर सांगलीहून वहिनींना पत्र धाडलं. ते असं:

तीर्थस्वरूप सौ. वहिनी यांस,
साष्टांग नमस्कार.

काल फिल्म काढली. डागाच्या जागी नुसता वण आहे. औषधं बंद झाली.

सकाळी मी बसतो तेव्हा सुशीला मुलांना परसात नेते. परवा एक अडत्या कामासाठी आला. थोरल्या पोरानं त्याला "बाबा पोथीला बसलेत" सांगितलं, तर तो चपला काढून बाहेर उभा राहिला. हंगामात पान होत नाही. चार ओळी लिहितो आणि उठतो. नोकरीत वरची जागा देऊ करत होते, पण पहाटेपासून बाजाराच्या आवारात राहावं लागलं असतं. सुशीलेशी बोलून नाही म्हणालो. दादा रागावतील, त्यांना तुम्हीच सांगा.

यंदाच्या दिवाळी अंकात माझी गोष्ट आली आहे. अंक पाठवतो. दादा सुट्टीवर आले की त्यांच्याकडून वाचून घ्या. ऐकताना डोळा लागला तर लागू द्या, मला मुळीच वाईट वाटणार नाही. गावाकडे मी रात्री खोकलो की तुम्ही उठून बसत होता. आता निवांत झोपा.

आपला,
सदाशिव