मामांची डावी नाडी

नाडीवर आमच्या मामांइतका विश्वास साऱ्या इंदापूर तालुक्यात दुसऱ्या कुणाचा नसेल. हे माझ्या बायकोचे मामा, पिढीजात वैद्य. रामराम घालायच्या आधी ते समोरच्याचं मनगट धरत. पोस्टमननं पत्र पुढं केलं की पत्र राहायचं बाजूला, आणि काल खाल्लेल्या वांग्यावरून त्यालाच बोलणी बसायची. आमच्या लग्नात अंतरपाट दूर होतो न होतो तोच त्यांनी माझी नाडी पाहिली आणि भर मांडवात सांगितलं, "पित्त हाय जावईबापूंना. मिरची बेतानं वाढा."

मामा डावखुरे होते. खलात औषध कुटायचं तेही डाव्या हातानंच. स्वातंत्र्याला पाच-सात वर्षं झाली असतील, तेव्हा कुटता कुटता त्यांना भोवळ येऊ लागली. हात थांबवला की सारं पूर्ववत. पुरुषाची उजवी नाडी पाहायची हा नियम त्यांनी जन्मात मोडला नव्हता. ती रोज पाहत, आणि ती ठणठणीत लागे. मग त्यांनी कपाळावर लेप लावले, नाकात तूप सोडलं, झोपायची दिशासुद्धा बदलली. शेवटी एकदा रोग्यांसमोरच ते खलावर कोसळले, तेव्हा मी त्यांना एसटीनं बारामतीच्या डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टरांनी दोन्ही मनगटं धरली. डाव्यात नाडी लागेचना. ते म्हणाले, खांद्यापाशी हाताची रक्तवाहिनी अरुंद झाली आहे. पण हात चालवल्यानं भोवळ का यावी, ते मला सांगता येत नाही. यावर औषध नाही, हाताला विश्रांती द्या. मामांनी स्वतःच्या डाव्या मनगटावर बोटं ठेवली आणि बराच वेळ काढलीच नाहीत. परतताना एसटीत एका ओळखीच्यानं हात पुढं केला. मामांनी तो हळूच मागं सारला. इंदापूरला उतरल्यावर म्हणाले, "चाळीस वर्सं लोकांच्या नाड्या सांगितल्या. माजीच गेलेली कळली न्हाय. मंग बाकीच्या तरी कुठं खऱ्या असत्याल?"

त्यानंतर त्यांनी कुणाला हात लावला नाही. रोगी ओट्यावर बसून परत जात. मी वाद घाले, ते मान हलवत, जागचे उठत नसत. दोन वर्षांत ते गेले.

पुढं फार वर्षांनी एका डॉक्टर मित्रानं मला उलगडा केला. खांद्यापाशी वाहिनी अशी अरुंद झाली की राबणारा हात मेंदूकडं जाणारं रक्त मानेतल्या वाहिनीतून उलटं ओढून घेतो, म्हणून भोवळ येते; हा शोध मामा गेल्यावर काही वर्षांनी लागला. हे मी मुद्दाम इंदापूरला जाऊन मामींना सांगितलं. त्या ज्वारी निवडत होत्या.

"म्हंजी तवा ह्ये कुनालाच ठावं नव्हतं?"

"मोठ्या डॉक्टरांनाही नव्हतं, मामी."

त्यांचा हात सुपात तसाच राहिला. "ह्ये आयकायला त्ये पायजे व्हते," त्या म्हणाल्या.